साळूबाईची नजर

नीलाला जेवायला वाढून झालं की साळूबाई तोंड भिंतीकडे का फिरवते, हा प्रश्न काही केल्या माझ्या मनातून जात नव्हता. ताट ठेवते, तांब्या ठेवते आणि लगेच पाठ करते. माझ्या आठ वर्षांच्या पोरीकडे बघायला कसली भीती?

साळूबाई हसनाबादची. नवरा वारल्यावर जालन्यात आली, तेव्हापासून आमच्याकडेच राहते. कामाला चोख, बोलायला कमी. श्रावणात तिला कुंपणाशी घोयऱ्याचं पिल्लू सापडलं. घोयरा म्हणजे झाडावरचा रंग बदलणारा सरडा, एक डोळा पुढे आणि एक मागे फिरवणारा. लोक दिसला की दगड घालतात. हिने त्याला परसातल्या लिंबोणीवर ठेवलं. त्याच आठवड्यात नीलाला ताप भरला.

शेजारच्या पुष्पाबाईंनी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या. घोयरा करणीसाठी पाळतात, म्हणाल्या. साळूबाई झुंजुमुंजू असताना झाडाला पाणी शिंपडते आणि काहीतरी पुटपुटते, हे त्यांनी गच्चीवरून पाहिलं होतं. मी पुण्याला कॉलेजात शिकलेली, करणी मानत नाही. पण आजारी होती माझी मुलगी. औरंगाबादला कचेरीच्या कामासाठी निघताना यजमान म्हणाले, तिला काढून टाक, येताना मी दुसरी बाई घेऊन येतो. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

आज पहाटे मी स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहिले. साळूबाईने पानांवर पाणी शिंपडलं. पिल्लू हळूहळू डुलत आलं आणि थेंब चाटू लागलं. मग तिने काडीच्या टोकाला नाकतोडा धरला. पिल्लू काळंठिक्कर पडलं, फुगलं, तोंड वासून फुसकारलं. तिने काडी हलवली नाही. दुसरा हात वाळक्या फांदीसारखा डहाळीला टेकवून ठेवला आणि मान भिंतीकडे वळवली.

"खाय माय," ती म्हणाली. "मी न्हाई बघत."

पुष्पाबाईंचा मंत्र तो हा.

बऱ्याच वेळाने काळा रंग ओसरला, हिरवा आला. जीभ सुटली, नाकतोडा गेला. मग पिल्लू एकेक पाय चाचपत तिच्या मनगटावर चढलं. तिची मान अजून भिंतीकडेच होती.

मी बाहेर आले आणि सरळ विचारलं.  ती पदर चाळवत सांगू लागली. तिची पहिली मुलगी अंगावर पीत असतानाच गेली. सासूने घरभर सांगितलं, हिची नजर वाईट. तेव्हापासून त्या घरात कोणी जेवायला बसलं की हिने भिंतीकडे तोंड करायचं. दीर, जावा, त्यांची पोरं, सगळ्यांची जेवणं होईपर्यंत.

"आता मान आपोआप वळती," ती म्हणाली. "ह्याला कुनी बघितलेलं खपत न्हाई. माझी खोड ह्याच्या बराबर कामाला आली."

मी म्हटलं, आज नीलाला तू समोर बसून भरव.

"ताप उतरू द्या बाई. मंग बघीन."

 म्हणजे हिलाही तसंच वाटतं. स्वतःच्या डोळ्यांना घाबरणारी बाई मी लेकीसमोर बसवावी का?

तरी दुपारी बसवली. तिने मऊ भाताचा घास नीलाच्या तोंडाशी नेला. नीलाने घास घेतला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"साळूबाई, तुझे डोळे घारे आहेत होय? मला माहीतच नव्हतं."

संध्याकाळी नीलाला पुन्हा थंडी वाजली, ताप चढला. पुष्पाबाई दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, हिवताप आहे, एक दिवस सोडून चढणारच, कोयनेलच्या गोळ्या चालू ठेवा. मला ते पाठ आहे. तरी कपाळावरच्या ओल्या घड्या बदलताना माझी नजर सारखी साळूबाईकडे जात होती, आणि ती माझी नजर चुकवत होती. आता ती नीलाच्या खोलीबाहेर ओट्यावर बसली आहे. आत ये म्हटलं तर येत नाही. तिचं बोचकं मात्र बांधून तयार आहे.

शंका गेली असं म्हणणार नाही. पण ही इथून निघाली तर तिला त्या हसनाबादच्या घराशिवाय जागा नाही. यजमान परवा त्या दुसऱ्या बाईला घेऊन निघतील. सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या कचेरीत जाते. तिथे टेलिफोन आहे. औरंगाबादला ट्रंककॉल लावायचा आणि त्यांना सांगायचं, बाई आणू नका, साळूबाई राहते आहे.