वयनीचे हरवलेले कडवे

या गो, जरा जवळ सरा. रोज या ग्रुपवर येऊन दुसऱ्यांचे अनुभव वाचून जाता, स्वतःचा एकही लिहीत नाही... बरे नव्हे हे. आता माझे ऐका.

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. नारळ ठेवते, देवाला गाऱ्हाणे घालते, पण ती रीत झाली – ते वेगळे.

आमचे घर पेडण्यात. घरात मी आणि माझी थोरली जाऊ, वयनी. वय ऐंशीच्या पुढे, हल्ली विसरते फार. धालोची गाणी, पौषातल्या रात्री बायका मांडावर नाचत म्हणतात ती, मात्र तिच्या तोंडात. अख्ख्या वाड्यात दुसऱ्या कुणाला येत नाहीत. म्हटले, आताच लिहून ठेवू. डिचोलीच्या लेकीने टाकून दिलेला लॅपटॉप होता. त्याची बॅटरी मेलेली, वायर काढली की बंद. कुणीतरी सांगितले, जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स घाला, फुकट असते आणि छान चालते. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून पेनड्राइव्हवर घालून आणले, व्हिडिओ बघत बघत चालू केले – आणि काय सांगू, पाच मिनिटांत मराठी टायपिंगसुद्धा. या वयात मला पंख फुटल्यासारखे झाले!

तीन दुपारी वयनी सांगत गेली, मी टाइप करत गेले. सतरा गाणी. आठव्याचे शेवटचे कडवे काही तिला आठवेना. "र्‍हांव दी गो," म्हणाली. राहू दे तर राहू दे, मी तिथे तीन टिंबे दिली. काम झाले की झाकण नुसते खाली करायचे, बंद कधी केलेच नाही.

चौथ्या दिवशी लाईट गेली. परत आली तेव्हा फाईल नाही, काहीच नाही.

नेटवरच्या लिनक्सवाल्यांच्या फोरमवर विचारले. उत्तर आले – "काकी, तुम्ही 'वापरून बघा' हे बटण दाबले होते. इन्स्टॉल झालेच नव्हते. सगळे तात्पुरत्या मेमरीत होते, लाईट गेली तसे ते गेले. परत येत नाही."

वयनीला पुन्हा सांगायला बसवले, तर चार गाण्यांपुढे शब्दच येईनात. मी आत जाऊन रडले.

दुसऱ्या दुपारी ठरवले, आता नीट इन्स्टॉल करायचे. बंद लॅपटॉपसमोर नारळ ठेवला.

"अगो, मशिनीक नारळ? खातला तो?" वयनी हसली.

"तुम्ही फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणा," मी म्हटले. गाऱ्हाणे घातले – म्हाराजा, वयनीची गाणी आमच्या पोरीबाळींपर्यंत पोचू देत. "व्हय म्हाराजा," वयनी म्हणाली. घड्याळात सव्वातीन.

मग मशीन चालू केले. डिस्क पूर्ण पुसायची का, विचारले, हो म्हटले. अर्ध्या तासाने नवी कोरी सिस्टीम उघडली. आणि समोर एकच फाईल... 'धालो वयनी'.

फाईल उघडली. सतराही गाणी होती. आठव्यात टिंबांच्या जागी चार ओळी. माहेरच्या बावीकडे, विहिरीकडे, फुललेली अबोली, आणि ती माळायला आता घरात कुणी नाही, असे काहीसे. मी मोठ्याने वाचू लागले. वयनी चवळी निवडत होती, तिचा हात थांबला. दुसऱ्या ओळीपासून ती माझ्या पुढे गेली, चालीत, न अडखळता.

"खंयसून हाडलें गो हें?" कुठून आणलेस म्हणून तिने विचारले. "आमची आवय म्हणी..." तिची आई म्हणायची ते.

फाईलची वेळ बघितली. सव्वातीन. तेव्हा तर मशीन बंद होते.

फोरमवरचे म्हणाले, पेनड्राइव्हवर सेव्ह झाले असेल. मग स्वतःच म्हणाले, तसे होत नाही. आणि ते कडवे मी टाइप केले नाही, मला ते माहीतच नव्हते.

आता वयनी रोज दुपारी लॅपटॉपजवळ बसते. मी वाचते, ती गाते. परवा तिने माझे नाव दोनदा विचारले, पण आठवे गाणे पूर्ण म्हटले.

म्हणून म्हणते, नुसते वाचू नका, या. येताना पोदेराकडले, आमच्या पाववाल्याकडले, गरम पोये आणा, वयनीला आवडतात. पण लवकर या.