एक स्टार माणसाला
आमच्या फौजींइतक्या गप्पा अख्ख्या सांगली जिल्ह्यात कॉम्प्युटरशी कुणीच मारल्या नसतील. वडूजचा हा गडी सैन्यातून निवृत्त झाल्यावर प्रोग्रामिंग शिकला आणि माधवनगरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसला. एका डेअरीसाठी दूध-संकलनाचा प्रोग्राम आम्ही दोघं लिहीत होतो. पुढं वाचणाऱ्याला समजावं म्हणून कोडमध्ये मधेमधे टीप लिहितात. फौजी तिथं पाहुणचारच मांडत. 'गड्या, दमला असशील. च्या पिऊन ये, फुडचं लय गुंत्याचं हाय.' फॅटवरून दुधाचा दर काढायचं गणित समजावायला त्यांनी एकदा रेघा-टिंबांची चक्क म्हैस काढली. पण टिपा वेचून आपोआप माहितीपुस्तिका तयार करणारं एक सॉफ्टवेअर आमच्याकडं होतं. त्यानं सगळ्या ओळी एका परिच्छेदात कोंबल्या आणि म्हैस सपाट झाली. "आवं सायेब, शिंगं शेपटाला लावली की वो ह्यानं!" त्या दिवशी फौजींनी डबा उघडला नाही.

ते सॉफ्टवेअर फक्त दोन स्टारच्या खुणेनं (**) सुरू होणारी टीप उचलतं, हे कळल्यावर मात्र त्यांनी फर्मान काढलं, "दोन स्टार मशीनला, कडक इस्त्रीत. एक स्टार माणसाला, बनियनवर." झकास चाललं होतं. पुस्तिका नीटनेटकी, कोडमध्ये गावगप्पा.

डेअरीचे चेअरमन येणार त्या सकाळी पुस्तिका मला फारच किरकोळ वाटली. जाड दिसावी म्हणून मी एका झटक्यात सगळ्या टिपांच्या एका स्टारचे दोन केले, आणि वाचून न बघता छापली. चेअरमननी मधलंच पान उघडून मोठ्यानं वाचलं, 'चेअरमनच्या गोठ्याचं दूध आलं की फॅट जास्तच येतीया. प्रोग्रामची चूक न्हाई, तपासलंय. गप बसायचं.'

"कुणी लिहिलं हे?"

फौजी सावधानमध्ये उभे राहिले. "मी लिवलं, सर."

छापलं कुणी, हे चेअरमननी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. जिन्यात फौजी एवढंच म्हणाले, "सायेब, बनियनवर भायेर काढलासा की वो मला."

त्यांची नोकरी गेली. ते साताऱ्याला लेकीकडं राहायला गेले. त्यांच्या टिपा पुसायचं कामही माझ्याकडंच आलं. आता पुस्तिका देखणी आहे. कोड उघडला की मात्र चहाला जा म्हणणारं कुणी नाही. परवा फॅटच्या गणिताशेजारी मी म्हैस काढून पाहिली, ती शेळी झाली. तिच्याखाली एका स्टारनं लिहिलं, 'फौजी, दोन स्टार मी केले होते.' सॉफ्टवेअरनं ती टीप इमानानं गाळली.

म्हणून इथं लिहितोय. दोन स्टार लावून.