शिक्षा दीजिए

साडेतीन वर्षांच्या सईला मी फूटपट्टीने मारलं होतं.

हे आज सगळ्यांसमोर लिहितोय, कारण नलूताई आज सकाळी गेल्या.

बँकेने साताऱ्याहून थेट बनारसला ट्रान्सफर केली, त्याला महिनाच झाला होता. माझी हिंदी सिनेमापुरती.

सईच्या नर्सरीतून चिठ्ठी आली. "सई अक्षर नहीं लिखती। घर पर भी शिक्षा दीजिए।"

मी पडलो मराठी माणूस. शिक्षा म्हणजे शिक्षा. दिली.

दुसऱ्या दिवशी ब्रँचमधल्या मिश्राजींनी सांगितलं, अहो साहेब, शिक्षा मतलब पढ़ाई. ते हसले. मीपण हसलो. आता लिहितानाही लाज वाटते.

सई बोलायची थांबली. कुणाशीच नाही. तीन आठवडे.

मी घरात शिरलो की ती आईच्या मागे. डॉक्टर म्हणाले, कान-घसा ठीक आहे, वाट बघा. किती बघायची?

कुणीतरी नलूताईंची बालवाडी सुचवली. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत दोन खोल्या. काशीतच पिढ्या गेलेलं मराठी घर. पोरं जमिनीवर बसून डाळ निवडत होती, पाणी ओतत होती. मी घाईघाईने शब्दाचा घोटाळा सांगून टाकला. वाटलं, हसतील.

हसल्या नाहीत.

"मतलब, चिठ्ठी मराठीत असती तर मारणं बरोबर होतं?"

तरी मी विचारलंच, पेन्सिल कधी देणार? जित्याची खोड.

मग त्यांनी ऐकवलं. जर्मनीतल्या एका गुरुजींनी लहान मुलांच्या शाळेला बाग म्हटलं, आणि बागेत कुणी रोप उपटून मूळ वाढलं का बघत नाही. इटलीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी आधी मुलांना नुसतं पाहिलं, मग शिकवलं. आपल्याकडच्या ताया तर शाळाच उचलून आदिवासी पाड्यांवर, मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या.

"तुम्हाला फक्त बसायचंय. आठ दिवस. चुपचाप."

लीव्ह टाकली. भिंतीला टेकून बसलो. सई माझ्याकडे पाठ करून बसायची.

सहाव्या दिवशी लोट्यातून वाटीत ओतताना तिच्या हातून सगळं पाणी सांडलं.

तिने वळून आधी माझ्या हाताकडे पाहिलं.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. नलूताईंनी तिच्याजवळ फडकं ठेवलं आणि दुसऱ्या मुलाकडे वळल्या.

सई पुसत पुसत माझ्यापर्यंत आली.

"बाबा, पाय उचल."

उचलला. मग बाहेर जाऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसून मोठमोठ्याने रडलो.

सई आता हॉस्टेलवर असते. तिला यातलं काहीच आठवत नाही.

नलूताईंनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. पण त्या समोर दिसल्या की मला सगळं आठवायचं.

आता ते माझं मलाच आठवत राहायला हवं.

ताई, या बापाचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.