कॉम्प्रेसर दाखवणारे गृहस्थ

शाळेतले शिंदे सर नसते, तर आमच्या घरात कुणी पदवीधर झालंच नसतं. त्यांच्याच पेटीच्या साथीवर शाळेतल्या मुलींनी म्हटलेलं एक गाणं मी रेकॉर्ड करून आणलं आणि पंचवटीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत मिक्स करायला बसलो.

तेवढ्यात मालकांच्या ओळखीचे एक तज्ज्ञ नवा कॉम्प्रेसर प्लगइन दाखवायला आले. मोठे आवाज दाबायचे आणि बारीक आवाज वर आणायचे, हे त्या सॉफ्टवेअरचं काम. गृहस्थांनी डोळे मिटले आणि वैद्याने नाडी धरावी तशी दोन बोटं माउसवर ठेवली.

"बघा, आवाजाला कशी ऊब आली."

"साहेब, अजून चालू केलेला नाही."

"चालू केल्यावर आणखी येईल," ते शांतपणे म्हणाले. एवढा आत्मविश्वास मला पदवी घेऊनही आलेला नाही.

चालू केल्यावर मात्र पेटीच्या मागून कुणाचं तरी गुणगुणणं वर आलं. आवाज सरांचा होता.

"हा काय कचरा? ही पेटीच उडवा. की-बोर्डवर वाजवून घेऊ, कोणाला कळतंय?"

मी त्यांना चहा पाजला, ज्ञानाबद्दल आभार मानले आणि जिन्यापर्यंत पोहोचवून आलो. मग सरांना पत्र लिहिलं:

"आदरणीय सर, पेटी वाजवताना तुम्ही मुलींबरोबर हळूच गाता, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. गाण्यात ते तसंच ठेवलं आहे. संकोचाने काढायला सांगाल, म्हणून आधीच कळवतो. तुमची तेवढी एक आज्ञा मी पाळणार नाही."