लॉगिनकाकांनी भरवलेली जनावरं

शाळेत त्यांना लॉगिनकाका म्हणत. कागदोपत्री ते शिपाई. घंटा देणं, पाण्याची टाकी भरणं, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांवर लक्ष ठेवणं, यात त्यांची बरीच वर्षं गेली आणि तोवर ते नुसतेच काका होते. मग शाळेच्या मागच्या खोलीत संगणक आले. त्या खोलीची किल्ली कुणाकडे द्यायची असा प्रश्न आला तेव्हा मुख्याध्यापिकांनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, ती काकांच्या हातात ठेवली. ज्या कामाचं काय करायचं ते कुणालाच कळत नसे ते काम शेवटी काकांच्या गळ्यात पडायचं, ही शाळेची जुनी रीत होती.

काकांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण किल्ली घेऊन रोज एकाच दाराशी उभं राहणाऱ्या माणसाला आतलंही हळूहळू कळायला लागतं. पहिली-दुसरीच्या पोरांना आपापला पासवर्ड लक्षात राहायचा नाही, काकांना मात्र सगळ्यांचे तोंडपाठ झाले. पोरं रांगेत उभी राहायची, काका एकेकाला आत सोडायचे. तेव्हापासून लॉगिनकाका. मोठ्या बाईसुद्धा कधी चुकून तशीच हाक मारायच्या आणि मग खोकल्यासारखं करायच्या.

संगणकांवर एकच खेळ होता. शब्दबेट नावाचं एक बेट आणि त्यावर प्रत्येक मुलाचं एकेक जनावर. कुणाचा हत्ती, कुणाचा ससा, कुणाचा घोडा. जनावराला भूक लागली की पडद्यावर एक चित्र यायचं आणि त्याखाली चार शब्द. बरोबर शब्द वाचून त्यावर टिचकी मारली की टोपलीत फळ पडायचं. पुरेशी फळं जमली की जनावर खायचं, नाचायचं, मोठं व्हायचं आणि पूल ओलांडून बेटाच्या पुढच्या भागात जायचं. तिथले शब्द थोडे अवघड. पोरांची जनावरं एकमेकांना भेटायची, मिळून झुले बांधायची, शर्यती लावायची. खेळ वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. बनवणाऱ्याला मुलं चांगली कळत होती. शाळा तेवढी कळत नव्हती. वर्ग खच्चून भरलेले, संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातला एखादा कायम रुसलेला. एका पोराची पाळी आठवड्यातून एकदा आली तरी खूप झालं.

आणि जनावरांना तर भूक रोज लागायची. वेळेवर खायला मिळालं नाही की ती मान टाकून पडायची, डोळ्यांत टपोरे थेंब. आपला ससा असा मरगळलेला बघितला की सहा-सात वर्षांची पोरं हमसून हमसून रडायची. एक मुलगा तर घरी जेवेना. माझा घोडा उपाशी आहे, मी कसा जेवू, म्हणे.

काकांचं काळीज लोण्याचं. हे कौतुकाने सांगितलेलं नाही. लोण्याच्या काळजाचा माणूस जेवढं नुकसान करून ठेवतो तेवढं दगडाच्या काळजाच्या माणसाला जमत नाही. शाळा सुटून झाडलोट आटोपली की काका संगणकाच्या खोलीत बसायचे, एकेका पोराच्या नावाने आत शिरायचे आणि त्याच्या जनावराला भरवायचे. शब्द वाचायचा, टिचकी मारायची, फळ पाडायचं. सकाळी पोरं यायची तेव्हा सगळी जनावरं तुकतुकीत. पोरं खूश, काका खूश आणि खेळही खूश. खेळाला वाटायचं, मूल वाचतंय. तो त्याला पूल ओलांडून पुढे पाठवायचा. मग पाळी आली की पोर पुढचा शब्द बघून गप्प बसायचं, कारण मागचेच त्याला येत नसत, आणि खुर्चीवरून उतरून म्हणायचं, "काका, तुम्ही बसा." काका बसायचे.

या पोरांत काकांची स्वतःची नातही होती. घरी तिला मुंगी म्हणत, अंगाने बारीक आणि सदा काहीतरी ओढून नेण्यात गुंग म्हणून. तिची आई, म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, दूरच्या शहरात एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची, आणि मुंगी आजोबांजवळ राहायची. मुंगीच्या आईला अक्षरं कधी धड आलीच नव्हती. लहानपणी शाळेत जायची वेळ झाली की ती रडायची, आणि रडते म्हणून काका तिला घरी राहू द्यायचे. आता धुलाईखान्यातल्या रसायनांच्या पिंपांवर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नसे. ती पिंपं रंगावरून ओळखायची, आणि एकदा रंग बदलले तेव्हा तिने दोन्ही हात पोळून घेतले. दर रविवारी फोनवर ती बापाला एकच गोष्ट सांगायची. "बाबा, एक वेळ तिला खायला कमी घाला, पण वाचायला शिकवा. माझ्यासारखं नको व्हायला तिचं."

मुंगीच्याही डोळ्यांपुढे अक्षरं एका जागी उभी राहत नव्हती. ब आणि व तिला एकच वाटायचे, म आणि भ तर जुळे भाऊ. पण तेव्हा तिचं नशीब थोडं बरं होतं. मागे पडलेल्या मुलांसाठी शाळेत आठवड्यातून दोनदा एक वाचनाच्या बाई यायच्या. व्हरांड्याच्या टोकाला सतरंजी टाकून त्या पाच-सहा पोरांना घेऊन बसायच्या, ताटात वाळू पसरून बोटाने अक्षर काढायला लावायच्या, त्याचा आवाज मोठ्याने म्हणून घ्यायच्या. घाई नाही, रागावणं नाही. बऱ्याच महिन्यांनी एकदा शाळेतून घरी येताना मुंगी एका मिटलेल्या दुकानासमोर थांबली, शटरवरचा शब्द तिने हवेत गिरवला आणि म्हणाली, "बं... द. बंद. आजोबा, हे बंद आहे." मग घरापर्यंत जेवढी बंद दुकानं लागली तेवढी तिने वाचून दाखवली. आनंदाने काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. रविवारी त्यांनी फोनवर मुलीला हे सांगितलं तेव्हा ती नुसती नाक ओढत राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वाचनाच्या बाई निघाल्या. सतरंजी गुंडाळता गुंडाळता त्यांनीच काकांना कारण सांगितलं.

"इथे आता माझी गरज नाही म्हणतात. कोण मागे पडलंय ते हल्ली तुमचा तो खेळच वर कळवतो ना. या शाळेत कुणीच मागे नाही असं आलंय. सगळी पोरं पूल ओलांडून पुढे."

"आणि आमची मुंगी?"

"ती तर सगळ्यांत पुढे आहे, काका. कशी ते मला विचारू नका. काल तिला 'मगर' वाचायला अर्धा तास लागला."

कशी ते काकांना विचारायची गरजच नव्हती. मुंगीचं जनावर म्हणजे साळिंदर. वर्गात कुणी घेईना म्हणून तिने ते घेतलं होतं. नातीचं जनावर म्हणून काका त्याला रोज दोन घास जास्तच भरवायचे.

त्यांनी आधी खेळाच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून एक मुलगा फार गोड बोलत होता. मुलांना मागच्या पुलापाशी परत आणायचं कसं, असं काकांनी विचारलं.

"आपल्या खेळात कुणी मागे येत नाही, सर. मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो."

"पण चुकून पुढे गेली असतील तर?"

"चुकून कशी जातील, सर? वाचल्याशिवाय कुणी पुढे जातच नाही."

काकांना उभ्या जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. म्हटलं ते नेमकं अशा वेळी. त्यांनी फोन ठेवला आणि ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. नोकरी जाण्याची भीती होतीच, पण मुंगीची काळजी त्याहून मोठी होती. दार लोटून घेऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काका, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, बाई. मला काढा हवं तर. पण वाचनाच्या बाईंना परत आणा."

"त्या आता दुसऱ्या शाळेत गेल्या. तिथल्या पोरांच्या तोंडचा घास काढून घेऊ? आणि वर सांगू काय? आमच्या शाळेत मुलांऐवजी शिपाई शिकला?"

बाई वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या, आणि कित्येक वर्षांनी कुणीतरी त्यांच्या शाळेचं नाव चांगल्या कारणासाठी घेतलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात वरचे साहेब येणार आहेत, खेळ कसा चाललाय ते बघायला. एक मूल सगळ्यांसमोर पडद्यावरचं वाचून दाखवणार आहे. त्याला वाचता आलं नाही, तर मी स्वतः साहेबांकडे वाचनाच्या बाई मागते. भांडून मागते. ते निभावलं, तर हा विषय संपला. तोवर तुम्ही त्या खेळाला हात लावायचा नाही."

बोलणं रास्त होतं. काकांनी मन घट्ट केलं. जनावरं उपाशी पडली, पोरांनी रडून गोंधळ घातला, काहींनी काकांना तोंडावर दुष्ट म्हटलं, मुंगीने अबोला धरला. काका बधले नाहीत. त्यांचा हिशेब साधा होता. कुणीतरी एक पोर त्या दिवशी उभं राहील, अडखळेल, त्याचं थोडं हसं होईल आणि बाकी सगळ्यांचं भलं होईल. ते पोर कोण असेल याचा विचार त्यांनी केला नाही. दुसऱ्याचं पोर मनात धरलं की असले हिशेब पटकन सुटतात.

ठरल्या दिवशी दोन साहेब आले, सोबत कंपनीच्या एक बाई. पाहुण्यांना खुर्च्या मांडल्या होत्या, पोरं खाली मांडी घालून बसली होती, खिडक्यांतून पालक डोकावत होते. भिंतीवर मोठा पडदा लावला होता. काका सगळ्यांच्या मागे, नेटच्या डब्यापाशी उभे होते, कारण त्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांचंच होतं.

"मूल आम्ही निवडत नाही," कंपनीच्या बाई कौतुकाने म्हणाल्या. "खेळच निवडतो. जे सगळ्यांत पुढे असेल ते."

आणि पडद्यावर साळिंदर आलं. उंच मनोऱ्याच्या टोकावर, काटे पाडून पडलेलं, उपाशी, आणि डोक्यावर मुकुट.

मुंगी पुढे गेली. पडद्यावर चित्र नव्हतं. इतक्या पुढच्या भागात चित्रं कधीच संपलेली होती. तिथे एक अख्खा उतारा होता, जोडाक्षरांनी भरलेला, कुठल्याशा दीपस्तंभाविषयी. मुंगीने बोट वर केलं, हवेत काहीतरी गिरवलं, बोट खाली घेतलं. परत वर केलं.

"द," ती म्हणाली. त्यापुढे काही आलं नाही.

"घाबरू नकोस बाळ, सावकाश वाच," मोठे साहेब म्हणाले.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू पोरांमधून पुढे सरकत गेलं. मुंगीचे खांदे कानांपर्यंत वर आले. लहानपणी तिची आई शाळेच्या दारात अशीच उभी राहायची, पाटी पोटाशी धरून, आणि काकाच तिला उचलून घरी न्यायचे.

आता फक्त थोडा वेळ जायला हवा होता. साहेबांच्या कपाळावर आठी चढायला लागली होती. मोठ्या बाई खुर्चीतून उठायच्या बेतात होत्या, आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. अजून थोडंसं हसं झालं की वाचनाच्या बाई परत येणार होत्या, ती सतरंजी, ते वाळूचं ताट, सगळं परत येणार होतं. काकांना काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. तेवढ्यात मुंगीने वळून सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती नुसती वाट बघत होती.

काकांनी वायर उपटली.

पडदा कोरा झाला. "नेट गेलं," काका म्हणाले. खोलीभर सगळ्यांनी सुस्कारा सोडला. साहेबांच्या कपाळावरची आठी गेली आणि ते हसले. मोठ्या बाई मात्र काकांच्या हाताकडे बघत राहिल्या. वायर अजून त्यांच्या मुठीतच होती. मग त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या.

"हा त्रास आमच्याकडे नेहमीचाच आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "नाहीतर हिने घडाघडा वाचलं असतं."

साहेबांनी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. टाळ्या झाल्या. निघताना त्यांनी शाळेला चांगलं नेट आणि आणखी संगणक द्यायचं जाहीर केलं, तेव्हा आणखी टाळ्या झाल्या. वाचनाच्या बाईंचा विषयच निघाला नाही. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मोठ्या बाई काकांजवळून जाताना थोड्या थांबल्या.

"संपला ना विषय, काका?"

"संपला, बाई."

शाळा सुटल्यावर आजोबा आणि नात घरी निघाले. मुंगी खुशीत होती, अबोला पार विसरली होती. काका मात्र मागे पडत होते. एका पोरीचं आपण असंच करून ठेवलं आणि आता दुसरीचं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. रविवारी फोनवर काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

"आजोबा, वायर तुम्हीच काढलीत ना?"

"हो."

"मला दिसलं." तिने त्यांचं बोट धरलं. मग म्हणाली, "पुढच्या वेळीपण काढाल ना?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कसलीच काळजी नव्हती.

"काढीन," ते म्हणाले.