जीप उंच झाली आणि आई खालीच राहिली

मुरबाडच्या पलीकडे डोंगरावरच्या पाड्यात माझी मावशी राहते. तिथला रस्ता पावसात वाहून गेला, उरले ते धोंडे. आईचे गुडघे बिघडल्यापासून दोघी बहिणींची भेट फोनवरच. डोलीतून नेऊ म्हटलं की आई उसळायची, "मी काय पेशंट आहे?" मग मी जुनी फोर-व्हील जीपच घेतली. नवरा म्हणाला, "हत्ती पोसायला घेतलास." घेतला तर घेतला!

कल्याणच्या गॅरेजात पुढच्या चाकांचा गंजलेला गिअर उघडला, तेव्हा मी शेजारीच उकिडवी बसले होते. दुरुस्तीनंतर गॅरेजमागच्या चिखलात जीप मुद्दाम रुतवली, लीव्हर ओढला आणि चारही चाकं एकदम फिरली. मी भर गॅरेजात ओरडले. मग डोक्यात वारंच शिरलं. जाड स्प्रिंगा, मोठे टायर, गाडी उंच, आणखी उंच. मिस्त्रीही माझ्याच पंथातले. "करायचं तर कडकच करू, ताई!"

बाळकुमला आईच्या सोसायटीच्या गेटातून मी अशा ऐटीत शिरले की विचारू नका. आई ठेवणीतली साडी नेसून, लाडवांचा डबा घेऊन खाली उभी होती. तिने दार उघडलं. सीट तिच्या छातीला लागत होती.

"डोंगर चढेल गं तुझी गाडी," ती म्हणाली, "पण मी गाडी कशी चढू?"

नवरा उचलायला पुढे झाला, तर त्यालाच झापलं. "जावयाने उचलायचं? शोभतं का?" आणि डबा घेऊन लिफ्टकडे चालू पडली. मला इतका राग आला, आणि काढायचा तरी कुणावर?

दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा कल्याणला. मिस्त्रींचा चेहरा पडला. "ताई, खाली आणली तर दगडांना घासेल."

"घासू दे. इंजिनखाली जाड पत्रा ठोका."

रविवारी निघालो. चढावर दगड पत्र्याला खडाखडा लागत होते, आई समोरचा दांडा धरून ओरडत होती, "डावीकडून घे! अगं, घे ना!" मला भीती वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

मावशी अंगणात काठी टेकून उभी होती. आई उतरेल म्हणून मी दार उघडलं. ती उतरलीच नाही. आत सरकली आणि सीटवर हात थोपटून म्हणाली, "अक्का, किती वर्षं खाली आली नाहीस. बस. माझ्याकडे चल."

मावशीने आधी पाय वर टाकला. नीट बसली. मग घराकडे बघून सुनेला हाक मारली, "माझी दोन लुगडी आण गं!"