नानांची अँजिओप्लास्टी, आईचा गॅस

हार्टचा पेशंट घरात एक असला तरी किस्से पोत्यानं जमतात. आमच्याकडं तर पेशंट दोन! मैत्रिणी ऐकून हसतात, मला मात्र मान वर करवत नाही.

*

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे, आप्पांचे, थोरले भाऊ. गेल्या साली सोलापुरात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. मनगटातून तार घालून, अडलेल्या नसेत फुगा फुगवला आणि जाळी बसवली. आमच्या गावाहून, ढोकीहून, जीपा भरून भावकी गेली. आयसीयूच्या दारात चिवड्याच्या पुड्या सुटल्या. नर्स मला म्हणाली, "मॅडम, वऱ्हाड कुणाचं?"

*

तेव्हापासून नाना गावचे हार्ट स्पेशालिस्ट! पारावर एकानं विचारलं, "फुगा काढला का आतच हाय?"

"काढत्यात कशाला? एवढा म्हागाचा!"

मी म्हटलं, "नाना, फुगा काढतात. जाळी राहते."

"कॉलेज तुझं आसंल, छाती माझी हाय!"

*

मग आई. घागर उचलली की तिची छाती दाटायची, हात भरून यायचा. नाना म्हणाले, "गॅस हाय. हार्टचं मला इचार!" आणि आपली जिभेखाली धरायची गोळी तिला दिली. हार्टचीच! थोड्या वेळात दुखणं थांबलं.

नाना खूश. "बघ! गोळीनं गेला, म्हंजी गॅसच व्हता!"

*

मी म्हटलं, आईला डॉक्टरला दाखवू. आप्पा म्हणाले, "ऊसतोड आलीया. टोळी जाऊ दे, मग बघू."

मी आईला स्कूटीवर बसवून धाराशिवला नेलं. ईसीजी बघून डॉक्टरांनी तिथूनच सोलापूरला पाठवलं. आप्पा मागून आले. बाकी कुणी नाही.

सोलापूरच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर जवळजवळ बंद झालेली नस दाखवली. "कधीपासून दुखतंय?"

"सुगीपासनं," आई म्हणाली.

"मग इतके दिवस कुणाला दाखवलं नाही?"

"दाखवलं की!" आप्पा म्हणाले. "आमच्या घरात हार्टचा पेशंट हाय ना, त्यांनाच!"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं.

*

आईची नस फुगा घालून मोकळी केली, जाळी बसली. थोडे दिवस सक्त आराम सांगून घरी सोडलं. दुसऱ्याच दिवशी नाना भावकी घेऊन भेटायला आले. खोली भरली.

"कमल," नानांनी आईला बजावलं, "पडून ऱ्हायचं. कामाला हात लावायचा न्हाय!"

मला वाटलं, चला, एकदाचं शहाणपण आलं!

तेवढ्यात पाहुणे उठायला लागले. नानांनी हात आडवा केला. "च्या घेतल्याबिगर कुणी जायाचं न्हाय!"

मी म्हटलं, "मी टाकते."

"तुझा पाणचट आसतोय. कमलच्या हातचा लई झ्याक!"

आई लाजून हसली. आणि पांघरूण बाजूला सारून उठली.